रोजच्या तीस प्रती की एकतीस प्रतींची उतरंड?

लहान ऑफिसचा बॅकअप क्लाउडवर लावायचा ठरला की पहिला प्रश्न हमखास येतो: रोज घ्यायचा की दर तासाला? माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. बॅकअप किती वेळा घेता यावर फक्त एवढंच ठरतं की मशीन बंद पडलं तर किती तासांचं काम पुन्हा करावं लागेल. प्रती किती मागेपर्यंत ठेवता यावर ठरतं की चूक किती उशिरा लक्षात आली तरी निभावेल. आणि हिशेबाच्या कामात चूक उशिराच लक्षात येते.

मी ज्या ऑफिसांचं संगणकाचं काम बघतो, त्यांतल्या एका कर सल्लागारांकडे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप रोज रात्री क्लाउडवर जायचा आणि तीस दिवसांच्या प्रती राहायच्या. सप्टेंबरात एका ग्राहकाच्या खरेदीचा मेळ बसेना. शोधलं तर मे महिन्यात नोंदी दुरुस्त करताना दोन पुरवठादारांची खाती एकमेकांत मिसळली होती. ऑगस्टमधली सर्वांत जुनी प्रत उघडली, तिच्यातही तेच. तीसही प्रती धडधाकट होत्या आणि प्रत्येकीत ती चूक होती. मग कागदी बिलांच्या फायली काढून दोघीजणींनी आठवडाभर नोंदी पुन्हा घातल्या. त्यांचे ते उतरलेले चेहरे मला अजून दिसतात.

आता दोन पद्धती शेजारी ठेवून बघा. सरळ पद्धत: रोज एक प्रत, तीस दिवसांनी जुनी पुसायची. प्रती ३०, पोच (म्हणजे किती मागे जाता येतं) एक महिना. दुसरी म्हणजे घराच्या कोपऱ्यातल्या मडक्यांसारखी उतरंड: रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या १२, वर्षाच्या ८. प्रती ३१, पोच आठ वर्षं. एका प्रतीचा फरक, आणि पोच महिन्यावरून आठ वर्षांवर.

उतरंडीत सोडावं लागतं ते मधल्या दिवसांचं बारीक चित्र. तीन महिन्यांपूर्वीच्या १४ तारखेची स्थिती मागितली तर मिळणार नाही, त्या महिन्याच्या शेवटाची मिळेल. हिशेबाला ते पुरतं, कारण आपण महिना मिळवूनच पुढे जातो. जाहिरातीचं डिझाइन किंवा वास्तुरचनेचे नकाशे यांना ते पुरत नाही. तिथे मधलाच एखादा खर्डा ग्राहकाला आवडलेला असतो, पण चूक मात्र दोन-चार दिवसांत दिसते. अशा ऑफिसला मी साठ दिवसांची सरळ पद्धतच सुचवतो.

गूगल ड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या, म्हणजे मशीनवरचा प्रत्येक बदल लगेच क्लाउडवर उतरवणाऱ्या, फोल्डरलाच बॅकअप समजणाऱ्यांसाठी थोडक्यात: सिंक तुमची चूकही इमानेइतबारे वर पोचवतं. ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी जाते, आणि गूगलच्या स्वतःच्या नसलेल्या फायलींच्या जुन्या आवृत्त्याही साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या एवढ्याच राहतात. शिवाय टॅलीचा डेटा म्हणजे एका फोल्डरमधल्या, एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फायली. त्यांतली एक मंगळवारची आणि दुसरी बुधवारची परत आणून काही उपयोग नाही. म्हणून एस-थ्री या ॲमेझॉनच्या क्लाउड साठवणीतल्या आपल्या बकेटवर (म्हणजे कप्प्यावर) नुसतं व्हर्जनिंग, म्हणजे फायलींच्या जुन्या आवृत्त्या राखणं, चालू करण्यापेक्षा सगळ्यांनी टॅली बंद केल्यावर अख्खा फोल्डर झिप करून, नावात तारीख घालून वर पाठवणं मला बरं वाटतं.

उतरंड लावायची कशी? इथे बरेच जण अडकतात. एस-थ्रीच्या लाइफसायकल रूलला, म्हणजे जुन्या फायली आपोआप पुसण्याच्या नियमाला, फाइलचं वय कळतं, नावाची सुरुवात आणि टॅग कळतात, पण ‘ही महिन्याची शेवटची प्रत’ हे कळत नाही. म्हणजे आपल्या स्क्रिप्टनेच (बॅकअप चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामनेच) प्रत योग्य नावाखाली टाकायची: ‘रोज’, ‘आठवडा’, ‘महिना’, ‘वर्ष’. मग प्रत्येक नावाला वेगळा रूल. दुसरा मार्ग रेस्टिकसारखं बॅकअपचं साधन. त्याला ७, ४, १२, ८ हे आकडे दिले की निवड तेच करतं आणि न बदललेला डेटा पुन्हा साठवत नाही, त्यामुळे जागाही वाचते. स्क्रिप्टचा फायदा एवढाच की झिप कुणालाही उघडता येते. रेस्टिकची प्रत उघडायला रेस्टिक आणि त्याचा पासवर्ड दोन्ही लागतात, आणि पासवर्ड हरवला तर सगळंच गेलं. ऑफिसात तांत्रिक माणूस नसेल तर झिपच घ्या.

रेस्टिकमधली एक गोष्ट आपल्याला नीट बघावी लागते. त्याचं ‘वर्ष’ जानेवारी ते डिसेंबर. आपलं मार्चअखेर. आणि ३१ मार्चची प्रतही अंतिम नसते, कारण ऑडिट होईपर्यंत नोंदी येतच राहतात. म्हणून वर्षाची प्रत आपोआप निवडू देऊ नका. ऑडिट झाल्यावर, सह्या झाल्या की, हाताने घ्या आणि तिला टॅग लावून राखून ठेवा.

वर्षाच्या ८ हा आकडा कायद्यातून आला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाच्या वह्या किमान आठ आर्थिक वर्षं जपायच्या. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. २०२३-२४ ची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे ते हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवेत. कंपन्यांना आणखी एक बंधन आहे: इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर, आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून तो रोज. त्यामुळे स्वस्त म्हणून परदेशातली जागा घेण्याआधी हे बघा. ॲमेझॉनचं मुंबई आणि हैदराबादेत, गूगलचं मुंबई आणि दिल्लीत केंद्र आहे. मायक्रोसॉफ्टचं तर पुण्यातच आहे.

क्वचितच उघडायच्या फायलींसाठी असलेल्या साठवणीच्या स्वस्त वर्गाचा मोहही आवरायला हवा. ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये किमान १८० दिवसांचं भाडं लागतं, गूगलच्या आर्काइव्हमध्ये ३६५ दिवसांचं. सात दिवसांनी पुसायची रोजची प्रत तिथे ठेवली तर भाडं सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं. रोजच्या आणि आठवड्याच्या प्रती साध्या वर्गात, वर्षाच्या आर्काइव्हमध्ये. डीप आर्काइव्हमधून नेहमीच्या पद्धतीने काढायला १२ तासांपर्यंत लागू शकतात. आठ वर्षं जुन्या वहीसाठी एक रात्र थांबता येतं.

प्रती मुदतीआधी पुसल्या जाऊ नयेत म्हणून त्यांना कुलूप लावायचं की नाही? ऑफिसच्या मशीनवर असलेल्या किल्लीने (क्लाउडच्या खात्याच्या गुप्त संकेताने) बॅकअप चढतो आणि बहुतेक ठिकाणी पुसलाही जातो. रॅन्समवेअर (फायली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं तर ते आधी प्रती पुसेल. म्हणून माझं उत्तर ठाम हो. एस-थ्रीचं हे कुलूप, म्हणजे ऑब्जेक्ट लॉक, दोन प्रकारचं: गव्हर्नन्समध्ये खास परवानगी असलेला माणूस कुलूप काढू शकतो, कम्प्लायन्समध्ये मुदत संपेपर्यंत मूळ खातेदारसुद्धा नाही. सुरुवात गव्हर्नन्सने करा आणि कुलपाची मुदत प्रत ठेवण्याच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा. आठ वर्षांचं कम्प्लायन्स चुकीच्या फोल्डरवर बसलं तर आठ वर्षं भाडं भरत बसावं लागेल.

ऑब्जेक्ट लॉकला व्हर्जनिंग लागतंच, आणि तिथे बिल वाढतं. अशा बकेटमध्ये रूलने ‘पुसलेली’ फाइल फक्त नजरेआड होते, जुनी आवृत्ती म्हणून जागा अडवून बसते. जुन्या आवृत्त्या काढण्याचा दुसरा रूल लावल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. रेस्टिकमध्येही तसंच, प्रत यादीतून काढणारं नुसतं ‘फर्गेट’ पुरत नाही, जागा मोकळी करणारं ‘प्रून’ही चालवावं लागतं.

वेळापत्रक शेवटी ठरवा, ते सोपं आहे. आठ-दहा माणसांच्या ऑफिसला रात्री नऊची एक प्रत पुरते. विवरणपत्रांच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणखी एक.

परत आणून बघणं मात्र टाळू नका. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीकडे चुकून डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की त्यांचे नेहमीचे बॅकअप आवृत्ती न जुळल्याने होतच नव्हते आणि तसं सांगणाऱ्या ईमेलही वाटेत नाकारल्या जात होत्या. हाताशी आली ती योगायोगाने घेतलेली सहा तास जुनी प्रत. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी, ऑफिसच्या नव्हे तर दुसऱ्याच लॅपटॉपवर, महिन्याची एक जुनी प्रत उतरवा, टॅलीत उघडा आणि ताळेबंदाची बेरीज छापील कागदाशी ताडून बघा. मी त्या कागदावर तारीख आणि सही घेतो आणि तो बिलांच्याच फाइलला लावतो.