नळाचं पाणी उलटं फिरू नये म्हणून: हवेचं अंतर, व्हॅक्यूम ब्रेकर की एनआरव्ही?

नाशिकमध्ये बऱ्याच घरांत स्वयंपाकघरातला एक नळ थेट महापालिकेच्या लाइनवर असतो आणि बाकीचे गच्चीवरच्या टाकीवर. थेट लाइनच्या नळाला धोका असतो तो पाणी जातं तेव्हा. लाइन उताराकडे रिकामी होऊ लागली की मागे ओढ घेते. पाणी जायच्या वेळी उघड्या तोटीला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा लावून बघा, आत खेचला जातो. त्याच वेळी होजपाइपचं टोक फिनेलच्या बादलीत बुडालेलं असेल तर पुढचं सांगायला नको. शेजाऱ्याने लाइनला थेट मोटर लावली असेल तर अशी ओढ पाणी चालू असतानाही बसते.

सगळ्यात भरवशाचं हवेचं अंतर, आणि तेच फुकट. तोटीचं तोंड भांड्याच्या काठापेक्षा पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट वर हवं: १५ मिमीला ३०, २० मिमीला ४०, २५ मिमीला ५०. यात बिघडणारा भागच नाही. घोळ होतो तो अंडरग्राउंड टाकीत. पाणी पडताना आवाज नको म्हणून बॉल कॉकला पाइप जोडून तो तळाशी नेतात. पाणी गेलं की तोच पाइप टाकीतलं पाणी लाइनमध्ये परत ओढतो. तो कापाच. अंतर मोजायचं ते बॉल कॉक अडकल्यावर पाणी जिथपर्यंत चढेल तिथून. म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा मोठा ठेवा.

बागेच्या किंवा गाडी धुण्याच्या नळाला होजमुळे अंतर राहत नाही, तिथे आट्यांवर बसणारा व्हॅक्यूम ब्रेकर लावा. ओढ बसली की तो हवा आत घेतो. नळ बंद केल्यावर त्यातून थोडं पाणी उडतं. ती गळती नव्हे. मात्र होजच्या टोकाला स्प्रेचं पिस्तूल लावून नळ दिवसभर उघडा ठेवू नका, सततच्या दाबासाठी तो बनलेला नसतो.

एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. तो दुकानात सहज मिळतो, म्हणून तोच सुचवला जातो. पण लाइनमधला वाळूचा एक कण सीटवर, म्हणजे झडप जिथे टेकते तिथे, अडकला की पाणी उलटं जातं, आणि बाहेरून काहीच कळत नाही. लावायचाच तर आधी गाळणी बसवा, बाण प्रवाहाच्या दिशेने ठेवा आणि मुख्य कॉक व एनआरव्ही यांच्यामध्ये तपासणीची छोटी तोटी काढा. कॉक बंद करून ती उघडा; थोड्या वेळाने थेंब थांबले नाहीत तर सीट गळतेय. गिझरच्या थंड बाजूला एनआरव्ही असेल तर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर गरम होऊन फुगणाऱ्या पाण्याला वाट उरत नाही.

ब्रिटनच्या १९९९ च्या वॉटर फिटिंग्ज नियमांत धोक्याच्या ५ श्रेणी आहेत. साधा एनआरव्ही दुसऱ्या श्रेणीपर्यंतच चालतो, दुहेरी तिसरीपर्यंत. संडासातलं पाणी पाचव्या, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या श्रेणीत. त्यामुळे कमोडशेजारचा जेट स्प्रे थेट लाइनवर नकोच. टाकीवरून त्याला वेगळी लाइन द्या, हूक कमोडच्या काठाच्या बराच वर ठेवा आणि वापरून झाल्यावर अँगल कॉक बंद करा.

बोअर आणि महापालिकेची लाइन मधे व्हॉल्व्ह टाकून जोडलेली असेल तर वरचं एकही उपकरण पुरणार नाही. ती जोडणी तोडा, आणि बोअरचं पाणी टाकीत वेगळ्या पाइपाने वरूनच पडू द्या.