वेताळ टेकडीवरील स्वयंसेवकांची निसर्गफेरी : अनुभव आणि काही सूचना

गेली अठरा वर्षे मी आठवड्यातून तीन-चार वेळा पौड रस्त्याच्या बाजूने वेताळ टेकडी चढते. त्यामुळे टेकडीवर राबणाऱ्या काही स्वयंसेवकांनी ठेवलेल्या विनाशुल्क निसर्गफेरीचे निमंत्रण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आले, तेव्हा रोजच्या पायाखालच्या वाटेवर आणखी काय दाखवणार, असा प्रश्न मनात आला होता. नोव्हेंबरच्या अखेरीस एका रविवारी मुलीला सोबत घेऊन गेले. पुण्यातील प्रत्येक कुटुंबाने ही फेरी एकदा तरी करावी, असे आता मनापासून वाटते.

सकाळी साडेसहाला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूला जमून, जुन्या दगडखाणीच्या कडेने वेताळाच्या देवळापर्यंत जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, एवढाच कार्यक्रम होता. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या माथ्यावर नेहमीच्या चालीने पोहोचायला फार वेळ लागत नाही. आम्हाला मात्र दोन तास लागले, कारण मार्गदर्शक दर दहा-वीस पावलांवर खाली वाकायला लावत होते.

सर्वांत जास्त वेळ गेला तो गवतापाशी. कुसळी गवताची पिकलेली कुसळे आमच्या कपड्यांना नेहमीच चिकटतात आणि घरी येऊन ती उपटताना आपण वैतागतो. मार्गदर्शक ताईंनी त्यातले एक मुलीच्या तळहातावर ठेवून त्यावर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब सोडले. क्षणभर काहीच झाले नाही. मग पीळ पडलेला तो काळपट केस हळूहळू उलगडू लागला आणि कुसळ स्वतःभोवती फिरू लागले. पाऊस पडला की याच फिरण्याने बी मातीत रुतते, हे त्यांनी सांगितले, तोवर तिथल्या सगळ्या मुलांनी आपापली कुसळे शोधायला सुरुवात केली होती. ज्याला आपण सहजपणे उजाड माळ म्हणतो, ते गवत जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोल आणि टिटवीसारख्या पक्ष्यांचे घर आहे, आणि तिथे खड्डे खणून सरसकट झाडे लावणे म्हणजे ते घर मोडणे होय, हा मुद्दा यानंतर वेगळा पटवून द्यावा लागला नाही. हिरवाई लवकर दिसावी म्हणून लावलेली उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया, आणि इथल्या मातीतली सालई, मोई यांतला फरकही त्यांनी झाडाच्या सालीवर हात ठेवायला लावून दाखवला.

दुसरा विषय पायवाटांचा. वळण टाळण्यासाठी कोणीतरी उतारावरून सरळ खाली उतरते, मागून येणारे तीच वाट धरतात, गवत मरते आणि पावसाचे पाणी त्या चरातून मुरूम ओढून नेते. अशी एक वाट गुडघ्याएवढी खोल गेलेली आम्ही पाहिली. शेजारीच स्वयंसेवकांनी बंद केलेली जुनी चोरवाट होती : उतारावर दगडांच्या आडव्या रांगा रचलेल्या, तोंडाशी काटेरी फांद्या टाकलेल्या आणि दगडांमागे साठलेल्या मातीत गवत पुन्हा धरलेले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलेल्या या बेसॉल्टच्या थरांमधील भेगांतून पावसाचे पाणी खाली झिरपते, आणि पायथ्याच्या वस्त्यांतील विहिरी व बोअरवेल त्याच भूजलावर अवलंबून असतात. म्हणून माथ्यावरची एक चोरवाट बंद करणे ही क्षुल्लक गोष्ट नाही.

देवळापाशी बसून बालभारती ते पौड फाटा हा नियोजित रस्ता आणि पंचवटीपासून कोथरूडकडे व सुतारदऱ्याकडे जाणारे प्रस्तावित बोगदे यांची माहिती नकाशा पसरून देण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पांच्या विरोधात हजारो पुणेकर टेकडीसाठी रस्त्यावर उतरले होते. मीही त्यात होते, परंतु रस्त्याची आखणी नेमकी कोणत्या उतारावरून जाते हे मला या दिवशी प्रथम नीट कळले. वाहतुकीच्या कोंडीने त्रासलेल्या एका गृहस्थांनी रस्त्याच्या बाजूने परखड प्रश्न विचारले, आणि त्यांना कोणीही गप्प केले नाही, याचे मला विशेष कौतुक वाटले.

आता त्रुटींविषयी. आमच्या तुकडीत साठेक माणसे होती, आणि मार्गदर्शक एकच. मागच्या निम्म्या लोकांना काहीच ऐकू येत नव्हते. त्याहून वाईट असे की, एखादी गोष्ट दाखवण्यासाठी थांबताच सगळे वाट सोडून गवतात पसरत होते. म्हणजे जे करू नका असे सांगितले जात होते, तेच फेरीमुळे घडत होते. एका तुकडीत वीसहून अधिक माणसे घेऊ नयेत आणि शेवटी एक स्वयंसेवक नेमावा. निमंत्रणात बुटांचा उल्लेखही हवा होता : मुरमाच्या उतारावर साध्या चपला घातलेल्या एक आजी घसरल्या. दोघा स्वयंसेवकांनी त्यांना तत्काळ सावरले, हात धरून खाली आणले. पण हे टाळता आले असते. शिवाय नऊला संपणारी फेरी दहाला संपली, हे लहान मुलांच्या पालकांनी लक्षात घ्यावे.

या सूचना मी आयोजकांना लेखी कळवल्या. पंधरा दिवसांनी त्यांच्या श्रमदानालाही गेले. त्या दिवशी आम्ही बाराच जण होतो; टिकाव, पहार आणि घमेली त्यांनीच आणली होती. दोन तासांत आमच्याकडून दगडांच्या चार रांगा झाल्या आणि बाटल्यांची झाकणे, गुटख्याच्या पुड्या, फुटक्या काचा यांनी दोन पोती भरली. मोठे दगड खाली, लहान वर आणि प्रत्येक दगड उताराकडे नव्हे तर डोंगराकडे कललेला असावा, हे तिथल्या एका निवृत्त काकांनी मुलीला तिसऱ्यांदा रांग मोडून शिकवले. चौथ्यांदा तिने रचलेली रांग त्यांनी पायाने दाबून पाहिली आणि तशीच राहू दिली.