लिब्रऑफिस ड्रॉमध्ये वायरिंगच्या आकृत्या: स्टाइल वापरायला लागल्यावरचा अनुभव

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवताना मोटर स्टार्टरच्या आकृत्या सतत लागतात. डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन), स्टार-डेल्टा, फॉरवर्ड-रिव्हर्स. पुस्तकातल्या आकृत्यांवरची नावं इंग्रजीत असतात आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली की बारीक रेषा गायब होतात. म्हणून गेल्या सत्रापासून सगळ्या आकृत्या मी लिब्रऑफिसच्या ड्रॉ या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये नव्याने काढतोय. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि नावं मराठीत नीट उमटतात. पण मी ते टिकवून ठेवलं ते स्टाइलमुळे, म्हणजे रंग, जाडी, फॉन्ट एकदाच ठरवून नावाने साठवायच्या सोयीमुळे.

आधी रेषेच्या जाडीचं सांगतो, कारण झेरॉक्सचा सगळा घोळ तिथेच असतो. ड्रॉमध्ये नवी रेषा काढली की तिची जाडी शून्य असते. शून्य म्हणजे प्रिंटरला काढता येईल तेवढी बारीक. पडद्यावर कितीही झूम केलं तरी ती तशीच केसासारखी दिसते, आणि ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर ती जेमतेम ०.०४ मिमी भरते. झेरॉक्समध्ये ती टिकणार कशी? ड्रॉइंगच्या मानकात जाड्या ठरलेल्या आहेत: ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिमी. प्रत्येक जाडी आधीच्या साधारण १.४ पट. ए४ चा ए३ करताना कागदाची बाजूही तेवढ्याच पटीने वाढते, त्यामुळे ०.३५ ची रेषा मोठी होऊन ०.५ च्या मापात बसते. हे कळल्यावर अंदाजाने जाडी देणं मी बंद केलं.

एफ११ दाबलं की बाजूला स्टाइलची यादी उघडते. तिथे मी ‘वायर’ नावाची मूळ स्टाइल केली आणि तिच्याखाली ‘पॉवर’ (मोटरला वीज नेणाऱ्या वायरी, ०.७ मिमी) आणि ‘कंट्रोल’ (स्टार्टर चालू-बंद करणाऱ्या वायरी, ०.३५ मिमी) अशा दोन. ‘पॉवर’च्या पोटात पुन्हा तीन फेजच्या तीन स्टाइल: लाल, पिवळी, निळी. पिवळी फेज पडद्यावर छान दिसते, पण पांढऱ्या कागदावर फिकी पडते, आणि ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमध्ये तर दिसेनाशीच होते. त्या एका स्टाइलमध्ये पिवळ्याच्या जागी गडद हळदी रंग दिला आणि फाइलमधल्या सगळ्या पानांवरची पिवळी फेज एकदम बदलली. एकेका वायरवर क्लिक करत रंग बदलण्यात ज्यांची संध्याकाळ गेली आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

मात्र एक पथ्य पाळावंच लागतं. एखाद्या रेषेला टूलबारवरून थेट रंग दिला की ती त्या बाबतीत स्टाइलचं ऐकत नाही. मग स्टाइल बदलली की बाकीच्या वायरी बदलतात आणि ही एकटी जुन्या रंगात राहते. फॉरमॅट मेनूतून डायरेक्ट फॉरमॅटिंग काढून टाकलं की ती पुन्हा ताळ्यावर येते. प्रशिक्षणार्थ्यांना ड्रॉ शिकवताना मी पहिल्याच दिवशी हे सांगतो.

मराठी नावांसाठी आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आकृतीतल्या चौकटीत वर रोमन लिपीत ‘KM1’ आणि खाली देवनागरीत ‘मेन कॉन्टॅक्टर’ असं असतं. स्टाइलमध्ये फॉन्टचा साइज बदलला की वरचं बदलतं आणि खालचं ढिम्म! कारण स्टाइलच्या फॉन्ट टॅबमध्ये रोमनचा आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा नेमावा लागतो. देवनागरीचा भाग ‘कॉम्प्लेक्स’ या नावाखाली असतो, आणि दिसत नसेल तर ऑप्शन्समधल्या भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर टिक करायची. मी देवनागरीला मुक्ता फॉन्ट दिलाय. वेलांट्या-उकारांना जागा लागते, म्हणून ओळींमधलं अंतरही थोडं वाढवून ठेवलंय.

लेयरचा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांचा, उपयोग मला सगळ्यात जास्त परीक्षेच्या वेळी झाला. टर्मिनलचे नंबर आणि टायमरचे कॉन्टॅक्ट एका ‘उत्तर’ लेयरवर टाकायचे आणि त्या लेयरची प्रिंटिंगची टिक काढायची. त्याच फाइलमधून प्रश्नपत्रिकेची आकृती निघते, आणि टिक परत केली की उत्तरपत्रिकेची. पण ऑटोकॅडची सवय असलेल्यांनी एक लक्षात घ्यावं: इथे लेयरला स्वतःचा रंग किंवा जाडी नसते. लेयरचं काम लपवणं, दाखवणं आणि लॉक करणं एवढंच. रूप ठरवते ती स्टाइलच.

उणिवाही आहेत. लिब्रऑफिसच्याच रायटरसारखी दुसऱ्या फाइलमधून स्टाइल उचलून आणायची सोय ड्रॉमध्ये नाही. मी सगळ्या स्टाइल असलेली कोरी फाइल टेम्प्लेट म्हणून ठेवली आहे आणि प्रत्येक नवी आकृती तिच्यावरच सुरू करतो. चौकटी जोडणाऱ्या कनेक्टर रेषा चौकटीला चिकटून राहतात, पण चौकट हलवली की आपली वाट आपणच बदलतात. कंट्रोल सर्किटच्या शिडीसारख्या आकृतीत ते चालत नाही, म्हणून तिथे मी साध्या रेषाच वापरतो. आणि फिटर किंवा टर्नर ट्रेडसाठी मोजमापांनी भरलेली पार्टची ड्रॉइंग काढायची असतील, तर ड्रॉच्या वाटेला जाऊ नका. मापाच्या रेषा त्यात आहेत, पण त्या कामाला लिब्रकॅड जास्त योग्य, आणि तेही फुकटच मिळतं.