कॅम्पातील रेकॉर्डचे दुकान: एक गाणे, चार आवाज

बेळगावच्या कॅम्प भागात, बाजाराच्या आतल्या बाजूला, जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड, टेप आणि ती वाजवणारी यंत्रे विकणारे व दुरुस्त करणारे एक छोटे दुकान आहे. बाहेरच्या पाटीवर वर कन्नड आणि खाली इंग्रजी अक्षरांत फक्त दुरुस्तीचा उल्लेख असल्यामुळे आत रेकॉर्डचा एवढा मोठा साठा असेल, याची रस्त्यावरून जाणाऱ्याला कल्पना येत नाही. या दुकानाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण येथे विकत घेण्यापूर्वी रेकॉर्ड पूर्ण ऐकू देतात आणि एकच गाणे निरनिराळ्या गायकांनी गायलेले असेल, तर मागणी केल्यावर त्या साऱ्या रेकॉर्ड शोधून एकामागून एक लावतात. एखादे गाणे काळाबरोबर कसे बदलत गेले हे कानांनी तपासून पाहायचे असेल, तर आमच्या सीमाभागात याहून उपयोगी जागा माझ्या माहितीत नाही.

मी विचारणा केली ती 'अनचेन्ड मेलडी' या गाण्याची. मालकांनी "आधी सगळ्या ऐका ओ, मग ठरवा की," असे म्हणून चार रेकॉर्ड काढल्या आणि सालाप्रमाणे लावून ठेवल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण या गाण्याची जी आवृत्ती बहुतेकांच्या कानात बसलेली आहे ती पहिली नव्हे, आणि मधल्या आवृत्त्या ऐकल्याशिवाय तिचे वेगळेपण लक्षात येत नाही.

गाण्याचा जन्म 1955 सालचा. अमेरिकेतील 'अनचेन्ड' नावाच्या तुरुंगजीवनावरील चित्रपटासाठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी चाल बांधली आणि हाय झॅरेट यांनी शब्द लिहिले. पडद्यावर ते टॉड डंकन यांनी गायले, ज्यांनी 1935 साली गर्शविन यांच्या 'पोर्गी अँड बेस' या संगीतनाटकात पोर्गीची पहिली भूमिका केली होती. गाण्याला ऑस्करचे नामांकन मिळाले, पुरस्कार मात्र मिळाला नाही. त्या काळी गाण्यावर गायकापेक्षा प्रकाशकाची सत्ता अधिक चाले आणि एखादी चाल लोकांना आवडू लागली की, प्रत्येक कंपनी आपापल्या गायकाकडून ती गाऊन घेत असे. त्यामुळे त्याच वर्षी लेस बॅक्स्टर यांचा वाद्यवृंद, ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात गायलेले अंध गायक अल हिब्लर आणि रॉय हॅमिल्टन अशा तिघांच्या रेकॉर्ड अमेरिकेत गाजल्या. इंग्लंडमध्ये जिमी यंग यांची रेकॉर्ड लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. पुढे हेच यंग बीबीसीचे नामवंत रेडिओ निवेदक झाले.

दुकानात पहिली लागली ती यंग यांचीच, 78 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी, जड, ठिसूळ रेकॉर्ड. मालकांनी ती लावण्यापूर्वी यंत्राची सुई बदलली, कारण लाखेच्या जुन्या रेकॉर्डवरील खाचा रुंद असतात आणि एलपीची, म्हणजे नंतरच्या जास्त वेळ चालणाऱ्या रेकॉर्डची, बारीक सुई त्यांच्या तळाशी घासत राहते. एवढी काळजी घेणारे विक्रेते आता विरळा. यंग यांचे गाणे स्वच्छ आणि सरळ आहे, शब्दोच्चार स्पष्ट आहेत आणि वाद्यवृंद गायकाला शिस्तीत साथ देतो. मात्र गाण्यातील विरहाची तहान त्यात फारशी पोचत नाही, असे माझे मत झाले.

दुसरी रेकॉर्ड ऐकताना सारे चित्र पालटले. 'द रायचस ब्रदर्स' ही बॉबी हॅटफील्ड आणि बिल मेडली यांची जोडी, परंतु 1965 साली निर्माते फिल स्पेक्टर यांच्या कंपनीने काढलेल्या या रेकॉर्डवर हॅटफील्ड एकटेच गातात. मुळात हे गाणे 45 आरपीएमच्या छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेले होते आणि पुढच्या बाजूचे 'हंग ऑन यू' हे गाणे चालावे, अशी कंपनीची अपेक्षा होती. रेडिओवरील निवेदकांनी मात्र रेकॉर्ड उलटी करून मागचेच गाणे लावायला सुरुवात केली आणि ते अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. दुकानातील प्रत कॅम्पातल्या एका कुटुंबाने विकलेल्या साठ्यातून आलेली आहे. तिच्या मध्यभागी अमेरिकी पद्धतीचे मोठे भोक असल्याने ती भोकात चकती बसवून लावावी लागते. मालकांनी आधी पुढची बाजू ऐकवली, मग काही न बोलता रेकॉर्ड उलटली.

आपल्या दादऱ्याच्या अंगाने जाणाऱ्या, तीन-तीन स्वरांच्या संथ आवर्तनावर गाणे सुरू होते. हॅटफील्ड पहिले कडवे जवळजवळ दबल्या आवाजात गातात. शेवटच्या कडव्यात, जेथे मूळ चाल खालच्याच स्वरांवर राहते, तेथे ते एकदम वरच्या स्वरावर झेप घेतात. ही झेप नॉर्थ यांच्या स्वरलिपीत नव्हती, ती गायकाची स्वतःची भर आहे. यानंतर जे जे हे गाणे गायले, त्यांतील बहुतेकांनी टॉड डंकन यांच्याऐवजी हॅटफील्ड यांनाच डोळ्यांसमोर ठेवले. म्हणजे जी आवृत्ती स्वतः नक्कल म्हणून जन्माला आली, तीच पुढच्यांसाठी मूळ ठरली, आणि हे स्थान तिने पूर्णपणे कमावलेले आहे, हे यंग यांच्या पाठोपाठ ऐकल्यावर पटते.

आपल्या संगीतालाही हा अनुभव नवा नाही. नाट्यपदाचा कर्ता आणि चाल बांधणारा पुष्कळदा विस्मरणात जातो आणि पद गायकाच्या नावाने ओळखले जाते. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमात बालगंधर्वांची पदे गायली, तेव्हा त्यांनी हुबेहूब अनुकरणाचा मार्ग टाळून आपल्याला लागलेला अर्थ गाऊन दाखवला. जुने गाणे पुन्हा गाण्याचे कारण काय असावे, याचे इतके सुस्पष्ट उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

तिसरी आणि चौथी रेकॉर्ड ऐकताना हीच कसोटी माझ्या मनात होती. एल्विस प्रेस्ली यांनी एप्रिल 1977 मध्ये एका जाहीर कार्यक्रमात स्वतः पियानो वाजवत हे गाणे गायले आणि ते 'मूडी ब्लू' या एलपीवर घेतले गेले. त्याच वर्षी 16 ऑगस्टला त्यांचे निधन झाले. वरच्या स्वरांवर जाताना त्यांच्या आवाजाला पडणारे कष्ट ऐकू येतात आणि म्हणूनच ही आवृत्ती मला अतिशय मोलाची वाटते. अमेरिकी कंट्री गायक विली नेल्सन यांनी 1978 च्या 'स्टारडस्ट' या एलपीवर नेमके उलट केले. त्यांनी आवाज चढवणे टाळले, शब्द तालाच्या किंचित मागे ठेवले आणि गाणे शेजारी बसून बोलावे इतक्या साधेपणाने म्हटले. विकत घेण्यासाठी मी हीच निवडली.

पुढची हकिगत मालकांनी तोंडी सांगितली. 1990 सालच्या 'घोस्ट' या चित्रपटात हॅटफील्ड यांचे जुने गाणे वाजले आणि मागणी एवढी वाढली की, पन्नाशीला टेकलेल्या हॅटफील्ड यांनी ते नव्याने गायले. अमेरिकेच्या यादीत जुने आणि नवे अशी दोन्ही ध्वनिमुद्रणे एकाच वेळी पहिल्या विसांत होती. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी जुने गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि पुढे 1995 मध्ये रॉबसन व जेरोम, तर 2002 मध्ये गॅरेथ गेट्स यांनीही तोच क्रमांक गाठला. या दोन्हींच्या सीडी दुकानात आहेत, पण त्यांत नवे असे काही सापडत नाही.

आता दुकानाच्या उणिवांविषयी. काही एलपी एकावर एक आडव्या रचलेल्या आहेत आणि अशाने खालच्या रेकॉर्ड वाकतात. त्या उभ्या ठेवायला हव्यात, हे मी मालकांना सांगितले आणि जागेची अडचण त्यांनी मान्य केली. किमती कुठेही लिहिलेल्या नाहीत. छोट्या रेकॉर्डचा भाव साधारण 300 रुपयांपासून सुरू होतो, परदेशी एलपीला त्याच्या तिप्पट-चौपट पडतात, आणि स्थितीबद्दल विचारल्यास ओरखडे उजेडात धरून दाखवले जातात. मराठी आणि कन्नड नाट्यगीतांच्या 78 आरपीएमच्या रेकॉर्डही आहेत, परंतु त्यांची यादी नसल्याने पेटाऱ्यातून हाताने शोधावे लागते.

घरातील जुन्या रेकॉर्ड संगणकावर उतरवून देण्याची सेवाही येथे मिळते. रेकॉर्ड आधी धुऊन, मऊ कापडाने टिपून, मगच लावली जाते आणि काम चोख होते. मात्र खरखर काढण्याच्या नादात वरचे स्वर बोथट होऊ शकतात, त्यामुळे आवाज साफ न करता जसाच्या तसा उतरवून द्या, असे आधीच सांगावे. तसे सांगितल्यास दोन्ही प्रती देतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. दुपारी दुकान बंद असते. चार आवृत्त्या निवांत ऐकायच्या असतील तर सकाळी उघडताच जावे, कारण संध्याकाळी दुरुस्तीच्या गिऱ्हाइकांची गर्दी असते आणि ऐकण्याचे यंत्र एकच आहे.