'मर्मर' आधी ऐकावा की 'रेकनिंग'?

आर.ई.एम. हा अमेरिकन रॉक बँड म्हटलं की आपल्याकडं बहुतेकांना एकच गाणं आठवतं, मँडोलिनवालं 'लूझिंग माय रिलिजन'. ते आलं १९९१ मध्ये. तोवर या चौघांना एकत्र वाजवायला लागून अकरा वर्षं झाली होती. गायला मायकेल स्टाइप, गिटारवर पीटर बक, बेसवर माइक मिल्स, ड्रमवर बिल बेरी. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव. तिथल्या एका जुन्या, वापरात नसलेल्या चर्चमध्ये ५ एप्रिल १९८० रोजी, मैत्रिणीच्या वाढदिवसाला, ते पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. बँड थांबला २०११ मध्ये. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात माझा जीव आहे तो पहिल्या चार-पाच वर्षांत.

संभाजीनगर-लातूरकडं शिकायला असलेली, नुकतीच गिटार घेतलेली पोरं विचारतात की जुनं आर.ई.एम. ऐकायचं तर कुठून सुरू करू? खरी निवड दोनच अल्बमांत आहे: १९८३चा 'मर्मर' आणि १९८४चा 'रेकनिंग'. दोन्ही शार्लट शहरातल्या एकाच स्टुडिओत झाले, निर्मातेही तेच, मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन. तरी ऐकायला दोन्ही वेगळे.

'मर्मर'मध्ये स्टाइपचा आवाज गिटारच्या पुढं येतच नाही. गाणं सुरू होतं, तो काहीतरी म्हणतोय हे कळतं, काय ते कळत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. रेकॉर्ड कंपनीनं आधी दुसऱ्या निर्मात्याकडं पाठवून 'कॅटापल्ट' हे गाणं करून बघितलं होतं. टेकवर टेक, वरून कीबोर्डचा मुलामा. बँडमधल्या पोरांना ते काही रुचलं नाही, आणि ती ईस्टरकडं परत आली. १९८३ म्हणजे सिंथेसायझरचा सुकाळ. त्या काळात लांबलचक गिटार सोलो नाही, चकचकीत ड्रम नाहीत, गायक पुढं नाही, असा हा अल्बम आला आणि 'रोलिंग स्टोन' या संगीत-मासिकाच्या समीक्षकांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम म्हणून मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला मागं टाकून तो निवडला. मुखपृष्ठावर झाडंझुडपं गिळून पसरलेली कुड्झूची वेल आहे. जमिनीची धूप थांबावी म्हणून अमेरिकन सरकारनंच ती लावायला लावली आणि मग ती आवरेना. गाण्यांचा पोतही तसाच, एकात एक गुंतलेला.

आता नेहमीचा सल्ला असा, की 'मर्मर' अवघड, म्हणून नवख्यानं 'रेकनिंग' घ्यावा. मला हे उलटं वाटतं, निदान आपल्या पोरांच्या बाबतीत. मराठी माध्यमात शिकलेला माणूस इंग्रजी गाणं लावतो तेव्हा मनात कायम एक धाकधूक असते: शब्द निसटले, म्हणजे आपण कमी पडलो. 'मर्मर'पुढं ती धाकधूक उरत नाही. कारण स्टाइपचे शब्द अमेरिकनांनाही लागत नव्हते. इथं ज्युबिली पार्कातला माणूस आणि जॉर्जियातला माणूस एकाच सतरंजीवर बसतात. खुलताबादच्या उरुसात कव्वाल फारसी ओळ घोळवतो तेव्हा अर्थ विचारायला कोण थांबतं? ओळ फिरून आली की मान हलतेच. 'पिलग्रिमेज' नाहीतर 'लाफिंग' तसं ऐका. आणि 'परफेक्ट सर्कल'. चाल ड्रमर बेरीची, आधार पियानोचा, आणि अख्ख्या अल्बमात माझ्यासाठी याच्या वर काही नाही.

एक अडचण मात्र आहे आणि ती आपल्याकडची आहे. एप्रिल-मेमध्ये कूलरची घरघर चालू असताना 'मर्मर' ऐकू नये. त्यातली निम्मी गंमत हळू आवाजात लपलेली, ती कूलर गिळून टाकतो. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसमध्ये, वरच्या बर्थवर, इअरफोन नीट खुपसून ऐकावा. अकरावं गाणं 'वी वॉक'. त्यात मागं गडगडाट ऐकू येतो, मृग कोरडा चालला असेल तर हात खिडकीकडं जाईल. तो बिलियर्डच्या चेंडूंचा आवाज आहे, टेप हळू करून घेतलेला.

'रेकनिंग'ला कूलर चालतो, एसटीही चालते. इथं बँड समोर उभा राहून वाजवतोय असं वाटतं. दहाच गाणी, अडतीसेक मिनिटं. 'हार्बरकोट'मध्ये स्टाइपच्या आवाजाला दुसरे आवाज येऊन भिडतात, आणि मिल्स हा या बँडचा अर्धा गळा आहे हे तिथं कळतं. स्टाइप मात्र अजून लाजरा. 'सेव्हन चायनीज ब्रदर्स' म्हणताना आवाज इतका बारीक लागायला लागला की डिक्सननं तिथंच पडलेली एक गॉस्पेलची, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांची रेकॉर्ड त्याच्या हातात दिली. यानं तिच्या मागच्या बाजूचा छापील मजकूर त्याच चालीवर जसाच्या तसा गायला! तेही 'व्हॉइस ऑफ हॅरल्ड' नावानं १९८७च्या 'डेड लेटर ऑफिस' या संग्रहात आहे. त्यानंतर गळा मोकळा झाला आणि खरं गाणं लागलं. दोन्ही लागोपाठ ऐका.

'साउथ सेंट्रल रेन' मला सगळ्यात जवळचं. दौऱ्यावर असताना तिकडं घरी पूर, फोन लागेनात, त्या घालमेलीतून आलेलं गाणं. १९८३च्या ऑक्टोबरात डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात त्यांनी ते वाजवलं तेव्हा त्याला नावसुद्धा नव्हतं. आपण पावसाची वाट बघणारी माणसं, पण आता तोही येतो तो पूल आणि नेटवर्क दोन्ही घेऊन जातो. शेवटी स्टाइप शब्द सोडून नुसता हंबरतो, ते कुणालाही कळेल. 'टाइम आफ्टर टाइम' मात्र मला रेंगाळलेलं वाटतं, पुढं ढकललं तरी चालेल.

गिटार शिकणाऱ्यानं 'रेकनिंग'च घ्यावा, इथं माझा हट्ट नाही. बक सोलोच्या नादी लागत नाही. कॉर्ड धरायची आणि एकेक तार सुटी छेडत जायचं, एवढ्यावर त्याचं सगळं चालतं. त्याच्यासारखी रिकनबॅकर कंपनीची गिटार आपल्याला कुठली परवडायला, पण बोटांचा हिशेब साध्या गिटारवरही बसतो. गॅदरिंगला वाजवायचं असेल तर मिल्सनं लिहिलेलं 'डोन्ट गो बॅक टू रॉकव्हिल' घ्या. सरळ कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकी गावाकडच्या गाण्याच्या ढंगाचं आहे, बेस वाजवणारा मित्र नसला तरी निभावतं.

बाकीच्यांनी आधी 'मर्मर', शफल बंद ठेवून. पहिलं गाणं 'रेडिओ फ्री युरोप' आवडलं तर त्याचं १९८१चं मूळ सिंगलही शोधा, ते 'एपॉनिमस' या संग्रहात आहे. जास्त घाईतलं, जास्त खरबरीत, आणि मला तेच बरं वाटतं. १९८२चा 'क्रॉनिक टाउन' पाचच गाण्यांचा आहे, तो कधीही चालेल. १९८५चा 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन' लंडनमध्ये जो बॉइडकडं झाला, काळवंडलेला आहे, तो या दोघांनंतरच घ्या. आणि शब्द कळल्याशिवाय ज्यांना चैनच पडत नाही त्यांनी दोन्हींचा नाद सोडून सरळ १९८६चा 'लाइफ्स रिच पेजंट' लावावा. तिथं निर्माता डॉन गेहमननं स्टाइपला तोंड उघडून गायला लावलं आहे.