लाइव्ह फॉर स्पीड: वीस वर्षं जुना गेम आत्ता घ्यायचा का?

"मामा, यात नायट्रो कुठाय?" (एकदम स्पीड वाढवणारं बटण) हा भाच्याचा पहिला प्रश्न, आणि दुसरा विचारायच्या आत पोराची गाडी पहिल्याच वळणावर गवतात आडवी. परत चालू केली, परत गवतात. तिसऱ्यांदा भिंतीत. मग "बोअर आहे हे" म्हणून मोबाइल घेऊन बसला. आता हाच गेम मी गेली सहा-सात वर्षं रात्रीची झोप मोडून खेळतोय, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा तर दोन्ही बाजू सांगायला लागणार, भाच्याची पण आणि माझी पण.

लाइव्ह फॉर स्पीड, खेळणारे एलएफएस म्हणतात, हा कॉम्प्युटरवरचा कार रेसिंगचा गेम, गाडी खऱ्यासारखी चालवायला लावणारा. पहिला डेमो २००२ चा, पैसे देऊन घ्यायचा पहिला टप्पा एस१ आला २००३ ला, पुढचे टप्पे एस२ २००५ ला आणि एस३ थेट २०१५ च्या शेवटी. बनवणारे तिघं जण. स्कॉवन रॉबर्ट्स कोड लिहितो, एरिक बेली गाड्या आणि ट्रॅक बनवतो, व्हिक्टर व्हॅन व्लार्डिंगेन वेबसाइट आणि ऑनलाइनचं सगळं बघतो. बास. मागे पब्लिशर नाही, मोठा स्टुडिओ नाही. आणि गंमत म्हणजे वीस वर्षं होऊन गेली तरी व्हर्जन नंबर अजून १.० झालेलाच नाही! आपल्याकडे पुलाचं काम रखडतं तसं वाटेल, पण पुलावरून गाड्या मात्र पहिल्या दिवसापासून झकास चालतायत.

दिसायला कसा? जुना. झाडं पुठ्ठ्याची वाटतात, पाऊस नाही, ट्रॅक बरेचसे काल्पनिक, गाड्या पण बहुतेक काल्पनिक. इंजिनचा आवाज रेकॉर्ड केलेला नाही, गेम तो आकडेमोड करून जागेवर तयार करतो, त्यामुळे काही गाड्या शेजारच्या काकूंच्या मिक्सरसारख्या वाजतात. आमच्या घरी तर एकदा आईने खरंच आतून विचारलं, चटणी कोण वाटतंय म्हणून.

मग एवढं काय आहे त्यात? टायर.

एफ-९ दाबा. कोपऱ्यात चारी टायर दिसतात, प्रत्येकाचा आतला, मधला आणि बाहेरचा पट्टा वेगळा, आणि तापेल तसा रंग बदलतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत झुकलेला कल, जास्त दिला की आतली कड आधी लाल, हवा जास्त भरली की मधला भाग. गवतात गेलात की टायरला माती चिकटते आणि पुढची दोन वळणं गाडी साबणावरून चालल्यासारखी जाते. ब्रेक मारताना चाक जाम झालं तर टायर त्या जागी घासून सपाट होतो, आणि मग पुढचे सगळे लॅप स्टिअरिंगमध्ये ती थडथड जाणवत राहते, जसं काही कोणी आतून टकटक करतंय की बाबा तू मघाशी चुकलास. मला पहिल्यांदा ती थडथड जाणवली तेव्हा व्हील (कॉम्प्युटरला जोडायचं स्टिअरिंग) बिघडलं समजून मी ते उघडायला निघालो होतो.

क्लच पण तापतो. मला गावातल्या ट्रॅफिकमध्ये पाय क्लचवर ठेवूनच चालवायची सवय, हाफ क्लच म्हणजे आपला राष्ट्रीय खेळ, तर इथे सात-आठ लॅप झाले की इंजिन बोंबलतंय आणि गाडी पुढे सरकत नाही. खऱ्या गाडीचा मेकॅनिक जे मला चार वर्षं सांगत होता ते या गेमने एका संध्याकाळी शिकवलं, आणि क्लच प्लेटचे पैसे न घेता.

एक प्रसंग सांगतो. आमचे काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत, आयुष्य घाटात गेलं. दिवाळीत आले होते, म्हटलं बसा जरा. एक्सआर जीटी दिली, मागची चाकं ओढणारी, एच शिफ्टर (खऱ्या गाडीसारखा गिअरचा दांडा), क्लच वगैरे सगळं मॅन्युअल. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. काका कसनुसं हसले. मग दोन लॅप एकदम शांतपणे, एसटीच्या स्पीडने म्हणा ना, आणि तिसऱ्या लॅपला लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी जी शिकेन, म्हणजे लागोपाठ उलटसुलट वळणं, येते तिथे जरा जोरात गेले तर मागचा भाग निसटला. माणसाने स्टिअरिंग उलटं फिरवून गाडी सरळ केली! मला हे जमायला तीन महिने लागले होते. उठताना म्हणाले, "अरे, गाडी सुटायला लागली की बुडाला आधी कळतं, इथं खुर्ची तर हलतच नाही. तरी हाताला कळलं बघ." पाणी प्यायले आणि विचारतात, "टायर तापल्यावर पकड बदलते हे त्या पोरांना कसं कळलं रे?"

काकांच्या या प्रश्नातच या असल्या गेम्सचं सगळं दुखणं आहे. टायर म्हणजे रबराचं भलतंच आडमुठं प्रकरण. किती वजन पडलंय, किती तिरका घासतोय, किती तापलाय, ब्रेक आणि वळण एकदम चाललंय का, यावर पकड क्षणाक्षणाला बदलते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे प्राध्यापक होते पाचेका, त्यांच्या नावाचा एक फॉर्म्युला आहे ज्याला सगळे मॅजिक फॉर्म्युला म्हणतात, पण तो म्हणजे मशीनवर टायर घासून जे आकडे मिळतात त्यांना फिट बसवलेली रेघ. आकडे असतील तर झकास. पण ती मशीनं आणि ते आकडे टायर कंपन्यांकडे असतात, तीन माणसांच्या टीमकडे कुठून येणार? म्हणून मग रबर कसं वाकतं, कसं चिकटतं याचं स्वतःचं गणित मांडायचं, जे एलएफएसवाल्यांनी केलं. त्यात परत गोची अशी की चाक किती घसरतंय हे काढायला वेगाने भागावं लागतं आणि गाडी उभी असली की वेग शून्य, म्हणजे शून्याने भागाकार! २०० च्या स्पीडला मस्त चालणारं गणित उतारावर नुसत्या उभ्या केलेल्या गाडीला गडबडतं. नुसतं गाडी गप उभी करणं हे पण वेगळं काम होऊन बसतं, आणि हे सगळं जुन्या लॅपटॉपला झेपेल इतक्या भराभर करायचं, प्रत्येक गाडीच्या चारी चाकांसाठी.

म्हणूनच ते तिघं टायरमध्ये अडकले. २००८ साली फोक्सवॅगन शिरॉको येणार म्हणून जाहीर केलं, लायसन्स असलेली खरी गाडी, सगळे खूश. मग टायरचं नवीन गणित आधी पूर्ण करू म्हणाले, आणि शिरॉको जी लटकली ती लटकलीच. वर्षं गेली, लोकांनी जोक करून करून जोक पण जुने झाले. मी पण शिव्या घातल्यात, खोटं कशाला बोला. पण एक मान्य करायला लागतं, दुसऱ्या कुठल्या कंपनीने एव्हाना "चालतंय की" म्हणून अर्धवट टायर गळ्यात मारून शिरॉकोचे वेगळे पैसे लावले असते. यांनी तसं केलं नाही. नवीन ग्राफिक्स, दिवस-रात्र आणि नवे टायर यावर काम चालू आहे असं ते सांगत असतात. येईल तेव्हा येईल, मी त्या भरवशावर पैसे घालायला सांगणार नाही. आज जे आहे त्यावर घ्या.

पैशांचं. डेमो फुकट, त्यात ब्लॅकवूड ट्रॅक आणि तीन गाड्या, आणि चक्क ऑनलाइन पण खेळता येतं. पुढे एस१, एस२, एस३ अशा पायऱ्या, प्रत्येकी १२ पौंड, म्हणजे सगळं मिळून ३६. मी घेतलं तो भाव हा. आपल्या पैशात चार हजारांच्या आसपास जातं, पण एकदाच, महिन्याचं भाडं नाही. आयरेसिंग हा असाच दुसरा गेम, त्याला महिन्याचे पैसे द्या, वर गाडीचे वेगळे, ट्रॅकचे वेगळे. रेसची शिस्त तिकडे जास्त चांगली आहे हे खरंय, पण माझ्या पगारात ते बसत नाही. हां, पौंडात पेमेंट आहे तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डचं इंटरनॅशनल चालू करा आधी, मी ते न करता तीन वेळा फेल करून बसलो आणि मग बँकेतून फ्रॉडचा फोन आला.

एस३ मध्ये रॉकिंगहॅम आहे, इंग्लंडमधला खरा ट्रॅक, लेझरने मोजून घेतलेला, रस्त्यातले बारीक उंचवटे पण हाताला लागतात. खऱ्या रॉकिंगहॅमला २०१८ नंतर रेस बंद झाल्या. म्हणजे आता तिथे रेस करायची तर स्क्रीनवरच, हे कधी कधी रात्री त्या मोठ्या ओव्हलवर एकटा फिरताना आठवतं आणि जरा कसंतरी होतं. शिवाय २०२१ च्या शेवटी मॉड आले, लोकांनी बनवलेल्या गाड्या, ट्रक, बाइक काय काय, सर्वरवर गेलात की आपोआप उतरतात, पण त्याला एस३ लागतं. मॉडचा दर्जा मात्र नशिबावर, काही अप्रतिम, काही नुसतेच पत्र्याचे डबे.

खेळायला काय लागतं? इथे एलएफएस जिंकतो. साधा लॅपटॉप चालतो, ग्राफिक कार्डाचं कौतुक नाही. आणि व्हील नसेल तर माउस! हसू नका, माउस डावी-उजवीकडे सरकवून स्टिअरिंग, बटणांवर ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, आणि असे माउसवाले व्हीलवाल्यांना आरामात मागे टाकतात, मला तर दर आठवड्याला टाकतात. माझं व्हील म्हणजे लॉजिटेकचं जुनं जी२७, सेकंडहँड, ज्याच्याकडून घेतलं त्याने "एकदम मख्खन" सांगितलं होतं, घरी आणून बघतो तर ब्रेक पाय न लावता स्वतःच लागतोय. पॅडलमधला पोटेन्शियोमीटर, म्हणजे पाय किती दाबलाय हे मोजणारा भाग, धुळीने भरलेला. दीडशे-दोनशेचा कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे मारला आणि सुधारलं. तुम्ही जुनं घेणार असाल तर समोर बसून पॅडल हळूहळू दाबून स्क्रीनवर रेघ थरथरते का बघा, मगच पैसे द्या. आणि टेबल जड घ्या. माझं टेबल प्रत्येक वळणाला अर्धा इंच सरकायचं, खालच्या मजल्यावरचे आजोबा शेवटी वर येऊन विचारून गेले की रात्री फर्निचरचं काम चालू आहे का.

आता खरी अडचण, माणसं. गेम युरोपचा, खेळणारे बहुतेक युरोपातले. त्यांची रात्रीची आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. रेस सुरू होऊन संपेपर्यंत दीड वाजतो, सकाळी ऑफिस. आपल्या संध्याकाळी सात वाजता बघाल तर ढीगभर सर्वर आणि त्यात माणूस औषधाला नाही, जी असतात ती ड्रिफ्टिंग करत, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत, नाहीतर शहरात नुसती फिरत बसलेली. पिंग, म्हणजे सर्वरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे-दोनशे मिलिसेकंद, त्यामुळे चिकटून लढताना समोरचा मधेच उडी मारतो. कॉम्प्युटरच्या गाड्यांशी खेळता येतं पण त्या आगगाडीसारख्या एका रेषेत जातात, दोन दिवसांत कंटाळा. आणि डेमो सर्वर म्हणजे पहिल्या वळणाला दहीहंडीच, थर खाली कोसळल्यावर जो उभा राहील तो जिंकला.

मागच्या मे महिन्यात वीस लॅपच्या रेसमध्ये आयुष्यात पहिल्यांदा तिसरा चाललो होतो, उजवा पुढचा टायर लाल झालेला, त्याला गोंजारत गोंजारत नेतोय, मागचा फिनलंडचा गडी आरशात दिसतोय, तीन लॅप राहिले आणि लाइट गेली. वळीव. इन्व्हर्टरवर पंखा फिरतोय आणि मी काळ्या स्क्रीनसमोर व्हील धरून बसलोय. बायको म्हणाली, "बरं झालं, झोप आता."

रिचर्ड बर्न्स रॅली या जुन्या रॅलीच्या गेमचं नाव कोणीतरी काढणारच म्हणून सांगतो, हो, तो पण २००४ चा, बनवणारी वॉर्थॉग कंपनी कधीच गेली आणि चाहत्यांनी नवं फिजिक्स, नवे रस्ते घालून जिवंत ठेवलाय. रॅलीत एकटंच घड्याळाशी लढायचं असतं त्यामुळे पिंग आणि रिकाम्या सर्वरचा प्रश्न फार येत नाही, तेवढं त्याचं बरं आहे. पण इन्स्टॉल करून नीट सेट करायलाच एक रविवार जातो. एलएफएस दहा मिनिटांत चालू.

तर घ्यायचा का? भाच्यासारखं पाच मिनिटांत मजा पाहिजे असेल तर नको, खरंच नको, त्याचे गेम वेगळे आहेत आणि त्यात काही कमीपणा नाही. पण गाडी चालवणं म्हणजे काय याचा किडा असेल, एकाच ट्रॅकवर एकाच गाडीने दोनशे लॅप मारून अर्धा सेकंद कमी झाला म्हणून नाचणारे असाल, तर आधी डेमो उतरवा. एक्सएफ जीटीआय घ्या, पुढची चाकं ओढणारी, माफ करणारी गाडी आहे. पहिल्या दिवशी ब्लॅकवूडला मला १ मिनिट ५२ सेकंद लागले होते, आज १:३६ च्या खाली येतो, वेगवान पोरं १:३३-३४ काढतात. १:४० च्या खाली आलात आणि तरी पोट भरलं नाही तर कार्ड काढा, तोवर एक रुपया घालू नका. एस१ वर थांबू नका, घ्यायचा तर निदान एस२ पर्यंत जा.

टायरला पाचपैकी पाच. दिसण्याला दोन, आवाजाला अडीच. आपल्या वेळेला माणसं मिळण्याला एक, तो पण शनिवारचा.

साडेअकरानंतर ब्लॅकवूडला मराठी नावाची पांढरी जीटीआय दिसली तर तो मी. पहिल्या वळणाला जरा ब्रेक लवकर मारा भावांनो, मागून ठोकू नका.