शालेय क्रीडा क्षमता-चाचणी शिबिर : आमच्या शाळेचा अनुभव

अमरावती जिल्ह्यातील आमच्या खेड्यातल्या शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलामुलींसाठी गेल्या नोव्हेंबरात आम्ही एका खासगी क्रीडा संस्थेचे एकदिवसीय क्षमता-चाचणी शिबिर घेतले. ज्या जिल्ह्यात 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी शारीरिक शिक्षणाची संस्था उभी आहे, तेथेही खेड्यांत पीटीचा तास अनेकदा मोकळाच जातो आणि तालुकास्तरीय स्पर्धा आठवड्यावर आली की जो अंगाने थोराड दिसतो त्याचे नाव संघात लिहिले जाते. ही सवय मोडावी, एवढाच आमचा हेतू होता.

चाचण्या नेटक्या झाल्या. उंची व वजनाबरोबर 30 मीटर फ्लाइंग स्टार्ट, 10 मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल रन (दोन रेषांमध्ये ठोकळ्यांसाठी पुढे-मागे धावणे), मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेक, जागेवरून लांब उडी, लवचिकता आणि 800 मीटर धाव असा क्रम होता. खेळाडूंना निवासी प्रशिक्षण देणाऱ्या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीतही याच धाटणीच्या चाचण्या असतात, त्यामुळे मुलांना त्यांची ओळख झाली. फ्लाइंग स्टार्टमध्ये मूल आधीच वेग घेऊन रेषेवर येते, म्हणून शिट्टीला दचकणाऱ्या मुलाचाही खरा वेग कळतो, हे प्रशिक्षकांनी मुलांना स्वतः धावून दाखवले.

सातवीतील एका मुलीने फक्कीच्या रेषेबाहेर चपला जोडून ठेवल्या आणि ती अनवाणी धावली. शटल रनमध्ये वळताना ती थांबतच नव्हती. ठोकळ्याकडे हात जाण्याआधी तिचे बाहेरचे पाऊल मुरमात तिरपे रोवलेले असे. प्रशिक्षकांनी तिला पुरेशी विश्रांती देऊन पुन्हा धावायला लावले आणि दोन्ही वेळा लिहून घेतल्या. या मुलीला मी वर्षभर खो-खोच्या संघातही घेतले नव्हते, याची मला मनापासून खंत वाटली.

निकालपत्रकाबाबत मात्र माझी तक्रार आहे. त्यात इयत्तेनुसार सरळ क्रमांक लावले होते. आठवीत ज्या मुलांची उंची लवकर वाढली ती फेकीत आणि उडीत वर राहिली, आणि ज्यांची वाढ अजून व्हायची आहे अशी चपळ मुले 'सामान्य' या शेऱ्याखाली गेली. या वयात एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सहा महिन्यांत मूल किती पुढे सरकले हे अधिक सांगून जाते. फेरचाचणी सेवेत धरलेलीच नव्हती, ती आम्हाला मागून घ्यावी लागली.

तारखेचीही चूक झाली. कापसाची वेचणी ऐन भरात असताना शनिवार ठरवल्याने मोठ्या वर्गांतील बऱ्याच मुली आईसोबत शेतात होत्या. संस्थेने जानेवारीत एक प्रशिक्षक पुन्हा पाठवला आणि त्याचे वेगळे शुल्क घेतले नाही, हे आवर्जून नोंदवते.

फेरचाचणीसाठी आम्ही याच संस्थेला बोलावणार आहोत. या वेळी तारीख शाळा ठरवील आणि पत्रकात प्रत्येक मुलाच्या जुन्या नोंदीशेजारी नवी नोंद लिहिली जाईल, असे त्यांच्याकडून लेखी घेतले आहे.